‘स्ट्राँग’ नायिकेला सुट्टी कधी?

‘स्ट्राँग फीमेल कॅरेक्टर’ हे शब्द आता इतके स्वस्त झालेत की ट्रेलर, पोस्टर, इंटरव्ह्यू, कुठेही सापडतात. हातात बंदूक दिली की ती स्ट्राँग. बुलेट चालवली की स्ट्राँग. एका फटक्यात चार गुंड लोळवले की मग तर विचारूच नका! मार्च महिना आला की ओटीटीवाले ‘तिची ताकद’ वगैरे नावाने वेगळी रांगच लावून देतात. आपणही दोन पिक्चर बघतो, एक स्टोरी टाकतो आणि विषय संपतो.

पण जरा आठवून बघा. गेल्या चार-पाच वर्षांत ज्या चित्रपटांवरून घरात, कट्ट्यावर, फॅमिली ग्रुपवर खरोखर वाद झाले, त्यातल्या नायिका कोण होत्या? एक फुलके लाटत होती. एक रेल्वे स्टेशनवर चुकून उतरली होती. एक पाहुण्यांसमोर बसून स्वतःची उंची सांगत होती. एक नर्स होती, ड्युटी संपवून लोकलने घरी जात होती. यातल्या एकीनेही बंदूक उचलली नाही. तरीही चिडणारे चिडलेच. बाईच्या हातात बंदूक दिली तर कुणाचं काही बिघडत नाही, पण तिच्या हातातलं लाटणं खाली ठेवलं की अख्खं घर हलतं. हे नेमकं काय प्रकरण आहे?

मर्दानीला सीक्वेल, संतोषला कात्री

आधी शब्दापासून सुरू करू. २०१४मध्ये राणी मुखर्जीचा ‘मर्दानी’ आला. मुलींची तस्करी करणाऱ्या टोळीच्या मागे लागलेली मुंबई पोलिसांतली शिवानी शिवाजी रॉय लोकांना आवडली आणि २०१९मध्ये दुसरा भागही आला. चित्रपट चांगला की वाईट हा मुद्दा नाही. मुद्दा शीर्षकाचा आहे. बाई शूर आहे हे सांगायला आपल्याकडे शब्द कोणता, तर ‘मर्दानी’. म्हणजे शौर्य मूळचं त्याचं, हिने फक्त उसनं घेतलं. मराठीतही आपण कौतुकाने काय म्हणतो? ‘आमची पोरगी म्हणजे मुलगाच आहे हो!’ सेम केस.

आता याच्या शेजारी दुसरी पोलीसवाली ठेवा. संध्या सुरी यांच्या ‘संतोष’मध्ये शहाना गोस्वामीने एका तरुण विधवेचं काम केलंय. नवरा हवालदार होता, त्याच्या जागेवर हिला नोकरी मिळते आणि एका दलित मुलीच्या खुनाचा तपास समोर येतो. ही बाई हिरो नाही. ती घाबरते, गोंधळते, वर्दीची चटक लागल्यावर तिच्याही हातून नको ते घडतं. हा चित्रपट २०२४मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, ब्रिटनने तो ऑस्करसाठी पाठवला. आणि भारतात? सेन्सॉर बोर्डाने इतके कट सुचवले की २०२५मध्ये ठरलेलं प्रदर्शन अडकलं.

दोन्हीकडे वर्दीतली बाई आहे. एक व्यवस्थेच्या बाजूने गुन्हेगाराला मारते. दुसरी त्या व्यवस्थेकडे बोट दाखवते, आणि त्या बोटाला तिचं स्वतःचंही रक्त लागलेलं आहे. पहिलीसाठी शिट्ट्या, दुसरीसाठी कात्री. म्हणजे ‘स्ट्राँग’ असायला परवानगी आहे, फक्त प्रश्न कुणाला विचारायचे हे आधीच ठरलेलं आहे.

२०१ मिनिटांचा पिक्चर

आता स्वयंपाकघरात येऊ. जानेवारी २०२१मध्ये जिओ बेबी यांचा मल्याळम ‘द ग्रेट इंडियन किचन’ नीस्ट्रीम नावाच्या छोट्या केरळी प्लॅटफॉर्मवर आला. मोठा स्टार नाही, मारामारी नाही. नवीन लग्न झालेली मुलगी चिरते, शिजवते, वाढते, खरकटं काढते, घासते. पुन्हा चिरते. सिंकखालचा पाइप गळतोय, प्लंबरला बोलवा असं ती सांगत राहते आणि कुणी बोलवत नाही. नवरा मारकुटा नाही, दारुडा नाही. तो शिक्षक आहे आणि वर्गात मुलींना ‘कुटुंब’ हा धडा शिकवतो!

२०२५च्या फेब्रुवारीत आरती कडव यांनी याचाच हिंदी अवतार ‘मिसेस’ झी फाइव्हवर आणला. सान्या मल्होत्राची रिचा डान्सर आहे. सासऱ्यांना चटणी पाट्यावरचीच लागते, फुलका तव्यावरून थेट ताटात यायला हवा. मूळ चित्रपटातला शबरीमलाच्या व्रताचा थर हिंदीत आला नाही, त्यामुळे धार थोडी कमी झाली हे मान्य. तरी वाद झालाच. पुरुषांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेने सोशल मीडियावर आक्षेप घेतला, त्याचा सूर साधारण असा होता: पुरुष बाहेर ऊन-पावसात राबतात, घरात भाजी परतण्यात कसला आलाय ताण?

मग आकडेच बघू ना. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४मध्ये लोक आपला दिवस कसा घालवतात याचं देशभर सर्वेक्षण केलं. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. आणि गंमत म्हणजे ही ८८ मिनिटं जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच सरासरी आहे. जे अजिबात करत नाहीत ते या हिशेबात धरलेलेच नाहीत.

फरक किती? २०१ मिनिटं. तीन तास एकवीस मिनिटं. २०२३च्या डिसेंबरमध्ये ज्या ‘अ‍ॅनिमल’ने तिकीटबारी दणाणून सोडली, त्याची लांबीही बरोबर एवढीच होती. म्हणजे आपल्या घरातली बाई रोज अख्खा ‘अ‍ॅनिमल’ सुरू होऊन संपेपर्यंत ओट्यापाशी उभी असते, आणि तेही त्याच घरातला पुरुष आपल्या वाटणीचं काम करून मोकळा झाल्यानंतर. आठवड्याचे सातही दिवस. इंटरव्हल नाही.

म्हणूनच मला वाटतं, या चित्रपटांनी ‘स्ट्राँग’ या शब्दालाच बगल दिली. ही नायिका ताकदवान नाही, ती दमलेली आहे. ताकदीचं कौतुक करता येतं. दमलेल्या माणसाचं काय करायचं? उठून तिच्या हातातलं काम घ्यावं लागतं. टाळ्या वाजवण्यापेक्षा ते अवघड आहे.

उंची किती? विषय कोणता?

हे सगळं दूर केरळात किंवा दिल्लीकडे होतं असं वाटत असेल तर ‘स्थळ’ बघा. जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा मराठी चित्रपट २०२३मध्ये टोरंटो महोत्सवात गेला, तिथे त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि आपल्याकडे तो ७ मार्च २०२५ला, म्हणजे महिला दिनाच्या आदल्या दिवशी थिएटरमध्ये आला. विदर्भातलं गाव, कापसाचा भाव पडलेला, बापाच्या डोक्यावर हुंड्याची चिंता आणि कॉलेजात शिकणारी सविता. नंदिनी चिकटे आणि इतर कलाकार तिथल्याच मातीतले आहेत, ते अभिनय करतायत असं वाटतच नाही.

चित्रपटाची सुरुवातच भारी आहे. पाहायचा कार्यक्रम चाललाय, पण समोर बसलाय मुलगा! बायका त्याला प्रश्न विचारतायत, तो खाली मान घालून उत्तरं देतोय. थिएटरमध्ये हशा पिकतो. मग कळतं की हे सविताचं स्वप्न होतं. त्यानंतर तेच प्रश्न तिच्या वाट्याला येतात. नाव काय? उंची किती? शिक्षण? विषय कोणता? आवड कशाची? पाहुणे बदलतात, प्रश्न तेच. पहिल्यांदा आपण हसतो, तिसऱ्यांदा हसू विरतं. पुढे पुढे आपणच खुर्चीत अवघडून बसतो.

यात खलनायक कोण? सविताचा बाप तिच्यावर जीव टाकतो. आलेले पाहुणे साधी माणसं आहेत. कुणी ओरडत नाही, कुणी हात उगारत नाही. पण मुलीचं शिक्षण, तिची परीक्षा, तिचा दिवस, सगळं ‘पाहुणे येतायत’ या दोन शब्दांपुढे बाजूला सरकतं. इथेही चोरी वेळेचीच आहे. तुमच्या-माझ्या ओळखीतल्या किती मुलींचा अभ्यास, किती जणींचा स्पर्धा परीक्षेचा एखादा अटेम्प्ट अशा कार्यक्रमांत गेला असेल याचं सर्वेक्षण अजून कुणी केलेलं नाही. ते ‘स्थळ’ने केलं असं म्हणायला हरकत नाही.

मंजू माई आणि पार्वती

२०२४ हे वर्ष छाया कदम यांचं होतं. ‘फँड्री’, ‘सैराट’पासून आपण त्यांना ओळखतो, पण त्या एका वर्षात त्यांनी दोन अशा बायका उभ्या केल्या की विचारू नका. किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’मध्ये स्टेशनवर स्टॉल चालवणारी मंजू माई, आणि पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’मध्ये मुंबईतल्या हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती.

‘लापता लेडीज’ची गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. घुंगटामुळे ट्रेनमध्ये दोन नवऱ्या बदलतात. फूलला सासरचा पत्ता धड सांगता येत नाही, नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी. आपण उखाण्यात नाव घ्यायला लावून त्याचा सोहळा करतो, मुळात फरक फार नाही. मंजू माई तिला काय देते? भाषण नाही, काम देते. फूल कलाकंद करते, तो विकला जातो आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात स्वतःचे पैसे येतात. स्वयंपाक तोच, जो ‘मिसेस’मध्ये तिला खाऊन टाकत होता. इथे त्याची किंमत मोजली गेली, एवढाच बदल. पण केवढा मोठा!

पार्वतीची गोष्ट आणखी खाली नेते. तिच्या खोलीवर बिल्डरचा डोळा आहे आणि नवरा गेल्यावर तिच्याकडे ती इथे राहते हे सिद्ध करणारा कागदच नाही. वर्षानुवर्षं मुंबईत राबलेली बाई कागदावर मुंबईत नाहीच! शेवटी ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी निघून जाते. ‘मिसेस’मधल्या रिचाकडे डान्स आहे, माहेर आहे, घर सोडायची सोय आहे. पार्वतीकडे सोडायला घरच उरलेलं नाही. स्त्रीवादी चित्रपट म्हटला की आपल्याला सुशिक्षित, शहरी, चांगल्या घरातली नायिका सोयीची वाटते. तिच्याच घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं काय, हा प्रश्न बहुतेक चित्रपट विचारत नाहीत. पायलने निदान तो दरवाजा उघडला.

पायल पुण्याच्या एफटीआयआयची विद्यार्थिनी. मे २०२४मध्ये तिच्या चित्रपटाला कानमध्ये ग्राँ प्री मिळाला. मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट पोहोचायला तीस वर्षं लागली होती. पण ऑस्करसाठी भारताकडून पाठवला गेला ‘लापता लेडीज’. निवड चुकली की बरोबर यावर भरपूर भांडून झालंय. मला खटकली ती दुसरीच गोष्ट. निवड समितीने दिलेल्या निवेदनात, भारतीय स्त्री म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं अजब मिश्रण, अशा अर्थाचं वाक्य होतं. आणि १३ जणांच्या त्या समितीत एकही बाई नव्हती. बायकांच्या चित्रपटाचं कौतुक करतानाही बाई खोलीच्या बाहेरच!

पण थिएटर कुणी भरलं?

इथे एक मुद्दा राहून जायला नको. ३० जून २०२३ला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, रुसवेफुगवे. कमाई ७० कोटींच्या वर गेली. त्याआधी २०२१मध्ये हेमंत ढोमे यांच्या ‘झिम्मा’तल्या बायका इंग्लंडच्या टूरवर गेल्या होत्या, त्यालाही लॉकडाऊननंतरच्या काळात प्रेक्षकांनी उचलून धरलं. अभ्यासू मंडळींनी नाकं मुरडली. यात कुठे आलाय स्त्रीवाद? सण आहे, संसार आहे, सगळं गोडगोड आहे.

ही टीका पूर्ण चुकीची नाही. या चित्रपटांत घर फारसं हलत नाही. पण पडद्यासमोर काय झालं तेही बघा. नऊवारी नेसून, गॉगल लावून बायका घोळक्याने आल्या. भिशीचे ग्रुप, सोसायटीचे ग्रुप, शाळेतल्या मैत्रिणी. नवरा, मुलं, डबे, सगळं मागे ठेवून तीन तास स्वतःसाठी. ज्यांनी कधी एकटीने तिकीट काढलं नव्हतं त्यांनी थिएटरमध्ये फुगड्या घातल्या. सिनेमाने काय सांगितलं यापेक्षा सिनेमाने घराबाहेर काढलं, हे जास्त महत्त्वाचं ठरलं. ‘स्थळ’ किंवा ‘ऑल वी इमॅजिन...’ला हे जमलं नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. एकाकडे विचार आहे, दुसऱ्याकडे गर्दी आहे. दोन्ही एकत्र आणणारा मराठी चित्रपट कोण करतंय, याची मी वाट बघतेय.

कारण मराठीला हे नवीन नाही. १९३७मध्ये व्ही. शांतारामांच्या ‘कुंकू’त शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला सरळ नकार देते. १९८२मध्ये जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमात नोकरी करायला घर सोडते, परत येते तेव्हा तिची जागा भरली गेलेली असते आणि ती पुन्हा बाहेर पडते. त्यानंतर चाळीस वर्षांनी रिचाही उंबरठाच ओलांडते. म्हणजे नायिका चार दशकं बाहेर पडतेय. मग घर तिथल्या तिथे कसं?

याचं उत्तर ‘द ग्रेट इंडियन किचन’च्या शेवटात आहे आणि तो शेवट ‘मिसेस’नेही ठेवला. नायिका सुटते, नाचाकडे परत जाते. आणि त्याच ओट्यापाशी त्याच्या दुसऱ्या लग्नाची बायको उभी असते. एका मुलीची सुटका झाली, काम होतं तिथेच राहिलं. फक्त हात बदलले. आमच्या पिढीच्या मुलींनी हे जरा नीट ऐकायला हवं. ‘मी नाही करणार घरकाम’ असं आपण ठणकावून सांगतो, छानच. पण मग ते काम जातं कुठे? बहुतेक वेळा आईकडे. नाही तर कामवाल्या मावशींकडे. भावाकडे किंवा बाबांकडे गेलं तरच काही बदललं म्हणायचं.

कॅमेऱ्यामागचं घड्याळ

पडद्यावर एवढं सगळं चाललेलं असताना कॅमेऱ्यामागे काय? केरळ सरकारने २०१७मध्ये नेमलेल्या न्या. हेमा समितीने २०१९च्या अखेरीस अहवाल दिला. तो लोकांसमोर आला १९ ऑगस्ट २०२४ला, तोही काही भाग झाकून. लैंगिक शोषणाच्या तक्रारींची चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. कलाकारांच्या ‘अम्मा’ संघटनेची अख्खी कार्यकारिणी राजीनामा देऊन मोकळी झाली. पण त्याच अहवालात सेटवर बायकांसाठी धड स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागा नसते, हेही होतं. ‘द ग्रेट इंडियन किचन’ ज्या इंडस्ट्रीने दिला, तिथली ही परिस्थिती!

हिंदीत २०२५ गाजलं ते दीपिका पदुकोणच्या आठ तासांच्या शिफ्टवरून. नुकतीच आई झालेली अभिनेत्री कामाचे तास ठरवून मागते म्हटल्यावर केवढा गहजब. अनेक पुरुष स्टार वर्षानुवर्षं आठच तास काम करतात आणि त्याच्या बातम्या होत नाहीत, असं तिने नंतर एका मुलाखतीत सांगितलं. दीपिकाकडे नाही म्हणायची ऐपत आहे. तिचे केस करणारी, तिचे कपडे सांभाळणारी, असिस्टंट म्हणून बारा-चौदा तास उभी असणारी पंचविशीतली मुलगी काय म्हणणार? मास कॉमचे आम्ही अर्धे विद्यार्थी उद्या त्याच सेटवर, त्याच न्यूजरूममध्ये असणार आहोत. त्यामुळे हा प्रश्न सेलिब्रिटी गॉसिपचा नाही, आमच्या ऑफर लेटरचा आहे.

घड्याळ टेस्ट

चित्रपटात बायकांना किती जागा आहे हे तपासायला जगभर ‘बेक्डेल टेस्ट’ वापरतात. अमेरिकन व्यंगचित्रकार अ‍ॅलिसन बेक्डेलच्या १९८५च्या एका कॉमिकमधून ती आली. चित्रपटात दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि विषय पुरुष सोडून दुसरा हवा. सोपी आहे, पण आपल्याकडे पुरत नाही. सासू-सून अर्धा तास भाजीवर बोलल्या तर पास होणार, आणि भाजी कुणाच्या आवडीची हे कुणी विचारणारच नाही!

म्हणून आपल्यापुरती एक देशी टेस्ट करू. पुढचा ‘स्ट्राँग’ नायिकेचा पिक्चर बघाल तेव्हा तीन गोष्टी तपासा. एक, चित्रपटात चहा कोण करतं? दोन, तिला पूर्ण चित्रपटात कुणासाठीही काहीही न करता बसायला एक तास मिळतो का? तीन, ती ‘नाही’ म्हणाली की तिचं काम कोण उचलतं, तो पुरुष की पुढची बाई?

पिक्चर संपल्यावर हेच तीन प्रश्न घरात विचारून बघा. वाद होईल. ‘लगेच काय पुढारीपणा करतेस’ असंही ऐकायला मिळेल. वाद झाला तरी चालेल, फक्त तो सुरू असताना कुकरची शिट्टी झाली तर उठून कोण गेलं तेवढं बघा.